सायबाचं सूप, आमची किटली

सुरुवातीलाच एक कबुली देतो. माझं शिक्षण केजीपासून दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठी हा आम्हाला आठवड्यातून चार तासांचा विषय, आणि त्यातला निम्मा वेळ ऱ्हस्व-दीर्घात जायचा. तरीही ते काही नीट जमलेलं नाही, तेव्हा चुका दिसल्या तर वाचकांनी पोटात घालाव्यात. दुसरी कबुली जरा गंभीर आहे. गेल्या सेमिस्टरला बॉईज हॉस्टेलमध्ये ज्याची किटली जप्त झाली आणि ज्याला पाचशे रुपये दंड झाला, तो मुलगा मीच.

नोटीस बोर्डवर कारण लागलं होतं, 'खोलीत विद्युत उपकरणाचा विनापरवाना वापर'. मेसमध्ये मात्र वेगळीच बातमी फिरली. "अरे, तो किटलीत सूप करत होता म्हणे! सूप!!" चहा केला असता, मॅगी केली असती, अगदी अंडी उकडली असती तरी कुणी मान वर करून बघितलं नसतं. सूप म्हटल्यावर आख्खी मेस हसली. त्या दिवसापासून मला 'सायेब' हे नाव पडलं ते आजतागायत. दंडाचं मला फारसं दुःख नाही (थोडं आहे, पाचशे रुपयांत महिन्याभराची झेरॉक्स होते). पण त्या हसण्याबद्दल मला बोलायचं आहे.

आधी झालं काय ते सांगतो. माझा रूम पार्टनर लातूरचा. आम्ही त्याला लातूर एक्स्प्रेसच म्हणतो, कारण तो कधीच वेळेवर येत नाही. परीक्षेच्या आठ दिवस आधी त्याला टायफॉईड झाला. ओरल तोंडावर आलेली, घर लांब, त्यामुळे घरी जायला तयार नाही. डॉक्टर म्हणाले, "पाणी उकळून प्यायचं, तिखट-तेलकट बंद. सूप, पेज, मऊ भात, एवढंच." आम्ही मेसमध्ये आलो तर त्या दिवशी मटकीची उसळ होती आणि वर बोटभर तर्री. मेसवाल्या काकांनी पहिल्या दिवशी बिनफोडणीचं वरण आणि भात बाजूला काढून दिला, नाही असं नाही. पण दोनशे पोरांचा स्वयंपाक करणारा माणूस एकासाठी रोज वेगळं कुठून करणार? त्यांचंही बरोबर आहे.

मी घरी फोन लावला. आजीने उचलला. मी म्हटलं, "आजी, किटलीत सूप होतं का?" ती एक क्षणही न थांबता म्हणाली, "पाणी उकळतं ना तिच्यात? मग होतं."

तर आजीने फोनवर सांगितलेलं सूप असं. चार पिकलेले टोमॅटो, अर्धा कांदा, एक गाजर. टोमॅटो अख्खे किटलीत टाकायचे, साल तडकली की बाहेर काढून सोलायचे. गाजर-कांदा बारीक चिरून त्याच पाण्यात शिजवायचं. किटली पाणी उकळलं की आपोआप बंद पडते, ती पुन्हा पुन्हा चालू करायची. मग सगळं एका वाडग्यात घेऊन स्टीलच्या पेल्याच्या बुडाने ठेचायचं आणि चहाच्या गाळणीतून गाळायचं. दाटपणासाठी पावाचा मधला मऊ भाग दोन तुकडे कुस्करून घालायचा. मीठ, चिमूटभर साखर. रविवारच्या नाष्ट्याला मिळालेली लोण्याची छोटी वडी मी जपून ठेवली होती, ती वरून.

लातूर एक्स्प्रेसने दोन मग संपवले आणि म्हणाला, "तीन दिवसांनी तोंडाला चव आली रे." तिसऱ्या संध्याकाळी चेकिंग आलं. पुढचं तुम्हाला माहीत आहेच. त्याचे वडील चौथ्या दिवशी येऊन त्याला घेऊन गेले. आता तो ठणठणीत आहे आणि मेसमध्ये माझ्याही वाटची तर्री ओढून घेतो.

आता मुद्द्याकडे येतो. सूपला मुलं का हसली? कारण आपल्या डोक्यात एक पक्कं गणित बसलेलं आहे: सूप म्हणजे हॉटेलातलं, लग्नात बुफेच्या पहिल्या टेबलावरचं, म्हणजे श्रीमंतांचं, म्हणजे सायबाचं. उकडलेल्या भाज्या म्हणजे डाएटवाल्यांच्या. पुडिंग म्हणजे तर फार फॅशन झाली! आपल्यासारख्यांनी रस्सा-भाकरी खावी. हे गणित चुकीचं आहे असं माझं स्पष्ट मत आहे, आणि ते मला पुस्तकातून नाही, घरातून समजलं.

आमचं घर नगरचं (आता अहिल्यानगर, आजीच्या तोंडात अजून 'नगर'च आहे). घर ख्रिस्ती. नगरला अमेरिकन मराठी मिशन १८३१ सालापासून आहे आणि पुढे शंभर वर्षांत जिल्ह्यातल्या कितीतरी गावांत गावकुसाबाहेरची घरं ख्रिस्ती झाली, त्यातलंच आमचं एक. माझे पणजोबा बारा-तेरा वर्षांचे असताना गाव सोडून नगरच्या कॅम्पात आले आणि एका सायबाच्या बंगल्यावर मशालची म्हणून लागले. मशालची म्हणजे बावर्चीच्या हाताखालचा पोऱ्या. भांडी घासायची, कोळसे फोडायचे, कांदे सोलायचे. बघता बघता ते स्वतः बावर्ची झाले. इंग्रजी वाचता येत नव्हतं. मडमेने पुस्तकातून वाचून सांगायचं आणि यांनी वाटी-चमच्याच्या हिशोबात लक्षात ठेवायचं. कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' १९७० साली आलं आणि वाटी-चमच्याच्या मापाने घराघरांत पोचलं. त्याच्या कितीतरी आधी आमचे पणजोबा त्याच मापाने इंग्रजी पुडिंग करत होते. आजी म्हणते, त्यांनी पुस्तक काढलं असतं तर आम्ही आज बंगल्यात राहिलो असतो.

माझी आजी म्हणजे त्यांची सून. लग्न होऊन आली तेव्हा तिला फक्त भाकरी थापता येत होती. बाकी सगळा स्वयंपाक तिला सासूने नाही, सासऱ्याने शिकवला. आमच्या घरात पुरुषाने स्वयंपाकघरात उभं राहणं हे कधीच कमीपणाचं मानलं गेलं नाही, कारण घर त्याच्यावरच चाललं होतं. "पोरगा असून स्वयंपाक करतो" म्हणून जे मला हसतात, त्यांना मी एवढंच सांगीन की कॅम्पातल्या सगळ्या चुली पुरुषांनीच पेटवल्या होत्या.

पण पणजोबांची एक गोष्ट आजी सांगते, ती ऐकून मला हसू येत नाही. एकदा सायबाकडे पाहुणा म्हणून मोठा अधिकारी जेवायला आला आणि त्याने पणजोबांच्या हातचं पुडिंग तीनदा मागून घेतलं. त्याच आठवड्यात ते एका लग्नाला गावी गेले. उन्हातून चालत आले होते, प्यायला पाणी मागितलं. पाणी मिळालं, पण ओंजळीत, वरून ओतलेलं. आजी म्हणते, "ज्या हाताचं पुडिंग साहेबलोक मागून खायचे, त्या हाताला गावात तांब्या शिवू देत नव्हते. आणि सायबानं तरी टेबलावर कुठं बसवलं? ते मागच्या ओट्यावरच जेवायचे."

फर्स्ट इयरला असताना मी लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' वाचायला घेतलं (मराठी सुधारावं म्हणून, खरं सांगतो). लक्ष्मीबाई नगरला आणि राहुरीला राहिलेल्या, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातल्या म्हणायच्या. पुस्तकाच्या सुरुवातीला त्यांच्या वडिलांच्या सोवळ्याचं वर्णन आहे. वाचताना आधी खूप हसू येतं आणि मग घरातल्या बायकांचे हाल बघून अंगावर येतं. कोण कुणाच्या हातचं खातो हा प्रश्न त्या काळात केवढा मोठा होता ते तिथे कळतं. मला एकदम पणजोबांची ओंजळ आठवली.

म्हणून त्या रात्री लातूर एक्स्प्रेसने मग पुढे केला आणि "अजून आहे का रे?" एवढंच विचारलं, ते मला विसरता येत नाही. त्याने दुसरं काहीच विचारलं नाही. त्याच्या दृष्टीने त्यात विशेष काही नव्हतंच, आणि तेच मला विशेष वाटलं. फोनवर आजीला सांगितलं तर ती जरा वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "मीठ बरोबर झालं होतं ना?"

असो. जरा भावनिक झालो. आता थोडं टेक्निकल बोलू, कारण शेवटी हे इंजिनिअरिंग कॉलेजचं मॅगझिन आहे.

सूप सायबाचं हे गणित तिकडच्या इतिहासातही बसत नाही. थर्मोडायनॅमिक्सला आपण सगळ्यांनी काउंट रम्फोर्डचं नाव पाठ केलेलं आहे. तोफेची नळी कोरताना उष्णता कशी तयार होत राहते, हे बघून उष्णता म्हणजे कुठला तरी पदार्थ नव्हे असं १७९८ मध्ये मांडणारा तो हाच. याच माणसाने त्याआधी म्युनिकमध्ये गरिबांसाठी सूप तयार केलं होतं. बार्ली, वाळलेले वाटाणे, बटाटे, मीठ आणि थोडं आंबट, एवढंच त्यात. कमीत कमी पैशात आणि कमीत कमी जळणात जास्तीत जास्त माणसांचं पोट कसं भरेल याचा त्याने हिशोब मांडला. जळण वाचवणाऱ्या चुलीही बनवल्या. म्हणजे सिलॅबसमधला हा मोठा माणूस खरं तर मेस चालवत होता!

दुसरं नाव डेनिस पापँ. या फ्रेंच माणसाने १६७९ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे घट्ट झाकणाचं एक भांडं मांडलं. वाफेच्या दाबाखाली हाडं मऊ करून त्यांचा रस काढायचा, हा त्याचा उद्देश. भांडं फुटू नये म्हणून त्याने त्याला सेफ्टी व्हॉल्व्ह बसवला. आपला प्रेशर कुकर हा त्याच भांड्याचा वंशज. पुढे वाफेने दट्ट्या हलवता येईल ही कल्पनाही पापँने मांडली आणि तिथून गाडी स्टीम इंजिनापर्यंत गेली. मेकॅनिकलवाल्यांनी तरी सूपला हसू नये.

आणि 'रेस्टॉरंट' हा शब्द घ्या. अठराव्या शतकातल्या पॅरिसमध्ये तो शब्द एका कढणासाठी वापरत असत, अशक्त माणसाला पुन्हा ताकद देणारं कढण. ते विकणाऱ्या दुकानांना पुढे तेच नाव चिकटलं. म्हणजे हॉटेलात सूप नंतर आलं, आधी ते आजाऱ्याच्या उशाशी होतं. माझ्या किटलीतलं सूप हे त्या हिशोबाने अगदी मूळ परंपरेतलं होतं (हे मी चेकिंगच्या वेळी सांगायला हवं होतं).

आपल्याकडे तरी वेगळं काय आहे? टोमॅटोचं सार, मुगाचं कढण, हुलग्याचं माडगं, पुरणाच्या दिवशीची येळवण्याची आमटी. ही सगळी सूपचीच भावंडं की! ताप आला की आई पेज देते आणि तिकडची आई सूप देते. आणि ज्या वडापावचा आपल्याला एवढा अभिमान, त्यातले 'बटाटा' आणि 'पाव' हे दोन्ही शब्द पोर्तुगीजांकडून आलेले. आपली 'फरसबी' म्हणजे फ्रेंच बीन्सच. लग्नातल्या फ्रूट सॅलडची कथा तर याहून मजेशीर आहे. त्यातली कस्टर्ड पावडर १८३७ मध्ये बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड नावाच्या औषधविक्रेत्याने काढली. का? तर बायकोला अंडी सोसत नव्हती! त्याने अंड्याऐवजी कॉर्नफ्लोअर वापरलं. एका माणसाने बायकोच्या तब्येतीसाठी केलेली ती खटपट आज आपल्याकडे बिनअंड्याची म्हणून चालते आणि पुरीबरोबर वाढली जाते. तिला कुणी सायबाची म्हणत नाही.

आता आपल्या जिल्ह्याकडे बघा. कांदा म्हणाल तर नेप्ती आणि घोडेगावच्या मार्केटला गोण्यांच्या थप्प्या. टोमॅटो संगमनेर-अकोल्याचे, भाव पडला की रस्त्यावर ओतायची वेळ येते. दूध घरोघर. साखरेचं तर विचारूच नका, सहकारी साखर कारखान्याची सुरुवातच आपल्या लोणी-प्रवरानगरला झाली, १९५० च्या सुमारास. सूप, भाजी आणि पुडिंग यांना लागणारं सगळं सामान आपल्या दारात पिकतं. ज्या जिल्ह्याने कांद्याच्या भावापायी इतक्या वेळा डोळे पुसले, त्या जिल्ह्यातल्या हॉस्टेलमध्ये कांद्याचं सूप कुणी कधी चाखलं नसावं, ही गंमतच आहे. फ्रान्समध्ये ते साध्या घरांतलं खाणं होतं. कांदे उभे चिरून लोण्यात मंद आचेवर अर्धा-पाऊण तास परतायचे, चांगले तपकिरी होईपर्यंत. मग पाणी, मीठ, मिरपूड आणि वर शिळ्या पावाचा भाजलेला तुकडा. कांद्यातलीच साखर त्याला गोडवा देते. घाई केली तर कांदा करपतो आणि सूप कडू होतं, एवढंच पथ्य.

आजीच्या हातची व्हाईट सॉसमधली भाजी हा आमच्या नाताळातला ठरलेला पदार्थ. फरसबी, गाजर, मटार, फ्लॉवर, बटाटा मिठाच्या पाण्यात अर्धवट शिजवायचे. ते पाणी मोरीत ओतायचं नाही, त्याचंच सूप करायचं, नाहीतर आजी ओरडते. मग चमचाभर लोण्यात चमचाभर मैदा मंद आचेवर परतायचा. रंग बदलू द्यायचा नाही, नुसता कच्चा वास जाऊ द्यायचा. भांडं खाली उतरवून एक कप गार दूध थोडं थोडं घालत ढवळायचं आणि परत आचेवर ठेवायचं. गुठळी का होत नाही? मैद्याच्या कणाकणाला लोणी लागलेलं असतं, त्यामुळे ते कण एकमेकांना चिकटायच्या आत दुधात पसरतात आणि मग सावकाश फुगतात. कोरडा मैदा थेट गरम दुधात टाकला की बाहेरून शिजतो, आत पीठ राहतं. हे कारण पणजोबांना कुणी सांगितलं नव्हतं, पण "दूध गार, हात चालू" हा त्यांचा नियम आजी अजून तसाच म्हणते.

भाज्या सॉसमध्ये घालून वर टोस्टचा चुरा पसरायचा. आमच्याकडे ओव्हन नव्हता. जुन्या पातेल्यात दोन बोटं वाळू, त्यावर भाजीचं भांडं, वर झाकण आणि झाकणावर निखारे. आता निखाऱ्यांच्या जागी गॅसची बारीक आच आली, वाळू तीच आहे. शेजारच्या काकूंकडे मांसाहार चालत नाही, म्हणून नाताळच्या फराळाच्या ताटाबरोबर त्यांच्याकडे हीच भाजी जाते आणि दिवाळीला त्यांच्याकडून अनारसे येतात.

आणि पुडिंग. शिळे पाव राहिले की आजीचा चेहरा उजळतो. पाव दुधात भिजवायचे, साखर, दोन अंडी, चार मनुका, जायफळ, आणि कुकरमध्ये वाफवायचे. बस, झालं ब्रेड पुडिंग. फेकून द्यायच्या वस्तूचं गोड! कॅरॅमल पुडिंग मात्र परीक्षा बघतं. डब्यात साखर कोरडीच वितळवून तांबूस करायची (ही साखर दीडशे अंशांच्या वर गेलेली असते, बोट लावू नका, मी लावलं आहे). मग दोन कप दूध, तीन अंडी, चार चमचे साखर एकत्र करून त्यावर ओतायचं, डब्याला झाकण लावायचं आणि कुकरमध्ये शिट्टी काढून मंद आचेवर ठेवायचं. शिट्टी का काढायची? शिट्टी लावली की आतलं तापमान १२० अंशांच्या आसपास जातं आणि अंडं साधारण ८० अंशांनाच धरायला लागतं. फार तापलं की पुडिंगला जाळी पडते आणि पाणी सुटतं. पणजोबा म्हणायचे, पुडिंगला भोकं पडली म्हणजे बावर्चीला घाई होती. माझ्या पहिल्या पुडिंगची चाळणी झाली होती. आजीने ते निमूटपणे खाल्लं आणि म्हणाली, "सबमिशनची सवय दिसते."

आता शेवटचा आणि खरा मुद्दा. किटलीचा नियम चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. उलट हिशोब करून बघितला तर तो अगदी बरोबर आहे. माझी किटली १५०० वॅटची. २३० व्होल्टला ती साडेसहा अँपिअर ओढते आणि आपल्या खोल्यांतला छोटा सॉकेट सहा अँपिअरचा असतो. एका मजल्यावर ३२ खोल्या धरा. रात्री नऊ वाजता सगळ्यांनी किटल्या लावल्या तर ४८ किलोवॅट, म्हणजे दोनशे अँपिअरच्या वर करंट! वायरिंग तापेल, कदाचित पेटेल. रेक्टर सरांनी किटली नेली ते योग्यच केलं. (दंड मात्र अडीचशे चालला असता.)

पण सर, नुसता नियम करून भूक आणि आजारपण थांबत नाही. प्रत्येक सेमिस्टरला कुणी ना कुणी आजारी पडतंच. रात्री जागून उपाशी झोपणारे तर रोजचेच. म्हणून माझी सूचना अशी आहे. प्रत्येक मजल्यावर एक छोटी पँट्री करावी. स्वतंत्र वायरिंग आणि स्वतःचा एमसीबी असलेल्या दोन इंडक्शन शेगड्या, एक पाच लिटरचा कुकर, चार पातेली, एक सिंक. वेळ संध्याकाळी सात ते दहा. मजल्यावरच्या दोघांनी आठवडाभर जबाबदारी घ्यायची आणि वापरेल त्याने भांडी घासायची, नाहीतर त्याचा नंबर बंद. ज्यांना अंडं चालत नाही त्यांच्यासाठी वेगळी पातेली ठेवावीत, यात वाद घालण्यासारखं काही नाही. लोड कॅल्क्युलेशन आणि वायरिंगचं ड्रॉइंग आमच्या इलेक्ट्रिकलच्या ग्रुपने मिनी प्रोजेक्ट म्हणून करून द्यायची तयारी दाखवली आहे. खर्चाचा अंदाज घेऊन आम्ही रेक्टर सरांना भेटणारच आहोत. चार मग सूपला मला तीस-चाळीस रुपये लागले होते, तेव्हा हे श्रीमंती चोचले नाहीत, एवढं तरी मान्य व्हावं.

काही मित्र म्हणतील, आम्हाला कुठे स्वयंपाक येतो? अरे, आपण चार वर्षांत बीम, सर्किट आणि कोडिंग शिकतो, मग गुठळी न होऊ देता सॉस ढवळणं काय अवघड आहे? नोकरीला पुण्याला नाहीतर परदेशात गेल्यावर पहिल्या तापात हेच उपयोगी पडणार आहे. मुलींच्या हॉस्टेललाही पँट्री हवी, पण 'त्यांना येतंच' म्हणून नाही. त्यांनाही आपल्यासारखीच भूक लागते म्हणून.

पणजोबांनी आयुष्यभर दुसऱ्याच्या टेबलासाठी सूप केलं आणि स्वतः मागच्या ओट्यावर जेवले. आमच्या रूममध्ये टेबल एकच आहे, त्यावर लॅपटॉप, जर्नल्स आणि लातूर एक्स्प्रेसचे मोजे असतात. तिथे दोन मग मावतात. पँट्री झाली तर पहिल्या दिवशी टोमॅटोचं सूप माझ्याकडून, सगळ्या मजल्याला. मग आपापला आणावा. रेक्टर सरांना आग्रहाचं आमंत्रण आहे, आणि येताना त्यांनी माझी किटली घेऊन यावी ही नम्र विनंती.